वाघाचा फोन चालू ठेवण्याबाबत

विषय : पाणवठ्यावर वाघाने मोबाइल चालू ठेवण्याबाबत.
संदर्भ : गोदाक्का चितळ यांचा विनंतीअर्ज.

बालमित्रांनो, विषय वाचून हसू नका. आधी प्रकरण वाचावे, मग हसावे, अशी पद्धत आहे.

एका जंगलात सगळ्यांकडे मोबाइल आले होते. मुंग्यासुद्धा माना खाली घालून चालत. पण त्या आधीपासूनच तशा चालत.

त्या जंगलात एकच पाणवठा होता. तिथली रीत जुनी होती. हरणांनी पाणी प्यायचे आणि वानराने जांभळीच्या शेंड्यावर बसून राखण करायची. वाघ दिसला की वानर खाकरे. वानर खाकरला की हरणे पळत. वाघ उपाशी राही आणि वानराला शिव्या देई. एकूण कारभार सुरळीत होता.

मग हुप्पाजी वानराने मोबाइल घेतला.

"खाकरून खाकरून घसा बसतो, अक्का," तो गोदाक्का चितळिणीला म्हणाला. "आता वाघ दिसला की ग्रुपवर टाकीन. लेखी काम केव्हाही बरं."

पुढे एक रानडुक्कर सुसरीबरोबर सेल्फी काढायला पाण्यात उतरले. सेल्फी चांगली आली. डुक्कर आले नाही.

तातडीने पंचायत भरली. अध्यक्ष पट्टेराव वाघ यांना फार वाईट वाटले. ते डुक्कर त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवले होते. सर्वांच्या सुरक्षेसाठी ठराव झाला : पाणवठ्यावर मोबाइल बंद ठेवावा.

"आणि तुमचा, साहेब?" गोदाक्काने विचारले.

"अध्यक्षांना महत्त्वाचे फोन येतात," पट्टेराव म्हणाले.

सगळ्यांना ते पटले. वानराचा इशाराही आता मोबाइलवरच येतो, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. पट्टेरावांच्या आले होते. पण अध्यक्षांनी चर्चेत मध्ये बोलू नये.

दुसऱ्या दिवशी गोदाक्का पाडसाला घेऊन पाण्यावर आली. नियमाप्रमाणे तिने फोन बंद केला. पाडसाने पाण्यात तोंड घातले. पलीकडच्या गवतात पट्टेराव पोटावर सरकत होते.

नियम पाणवठ्याला होता, झाडाला नव्हता. हुप्पाजीने शेंड्यावरून पाहिले आणि ग्रुपवर टाकले, 'वाघ आला.' कोणी वाचेना. त्याने पुन्हा टाकले, 'अक्का, वाघ.' मग नुसतेच हात जोडल्याचे चित्र टाकले.

पट्टेरावांनी अंग आखडले. आता उडी घेणार, एवढ्यात गवत गाऊ लागले. ढोलकीसकट.

फोन बंद करायच्या घाईत पट्टेरावांचा पंजा भलतीकडे पडला आणि स्पीकर सुरू झाला.

"अहो, किती वेळ!" वाघीणबाई कडाडल्या. "आणि कालच्यासारखं म्हातारं हरीण उचलून आणू नका. दाताला लागतं. पाडस बघा."

"अगं हळू! तेच बघतोय!"

हे सगळ्या पाणवठ्याने ऐकले. गोदाक्काने पाडसाला ढुशी दिली. "पळ रे सोन्या!" दोघे करवंदीच्या जाळीपलीकडे दिसेनासे झाले.

"साहेब," हुप्पाजी वरून म्हणाला, "इथे रेंज मात्र छान येते हो."

सकाळी पंचायतीत दोन अर्ज आले. तिथे कारकून साळिंदर होते. आलेला कागद ते आपल्या पाठीवरच्या काट्याला टोचून ठेवत.

पट्टेरावांचा अर्ज होता : नियमापुढे सर्व समान, म्हणून पाणवठ्यावर अध्यक्षांचाही फोन बंद असावा.

गोदाक्काचा अर्ज होता : अध्यक्षांचा फोन पाणवठ्यावर कायम चालू असावा. आवाज पूर्ण असावा.

"अक्का, शोभतं का हे?" साळिंदर म्हणाले. "साहेब स्वतःहून नियम पाळायला निघालेत, आणि तुम्ही त्यांना मोडायला सांगता?"

"ते नियम पाळायला लागले म्हणून तर मी धावत आले. निदान हुप्पाजीला पुन्हा खाकरायला तरी सांगा!"

"त्यासाठी वेगळा अर्ज लागेल."

पट्टेरावांचा अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. त्यांच्या साधेपणाचे जंगलभर कौतुक झाले.

दरम्यान हुप्पाजीला खोकला झाला आहे. औषधाने जात नाही. नेमका वाघ दिसला की येतो.

तात्पर्य : धोक्याच्या जागी प्रत्येकाने आपला मोबाइल बंद ठेवावा. फक्त धोक्याने आपला चालू ठेवावा.

गोदाक्का चितळ यांचा अर्ज साळिंदरांच्या काट्यावर असून अद्याप प्रलंबित आहे.