तुळशीराम मिस्त्रीचा हत्ती

तुळशीराम मिस्त्रीचा हत्ती पुरा झाला आणि त्याच दिवशी त्याच्या हातून घोटाळा झाला. जानेफळच्या पंचायतीसमोर पोरांना खेळायला सिमेंटचा हत्ती करायचं सरपंच भगवानरावांनी ठरवलं होतं. मागून पायऱ्या चढायच्या आणि सोंडेवरून घसरत वाळूत यायचं. तुळशीरामने जन्मभर विहिरी बांधल्या, खेळणं हे पहिलंच. पोरं त्यावरून खिदळत उतरताना एकदा बघायची, एवढ्यासाठी तो दोन महिने खपला होता. पण काम संपलं की नारळ फोडून कुंकू लावायचं ही त्याची रीत. ती त्याने पाळली आणि तो हातपाय धुवायला गेला.

परत येतो तर म्हातारी तानुबाई हत्तीपुढे हात जोडून उभी.

"माय, हा लेकराइच्या खेळासाठी हाये. देव नाही."

"मंग कुंकू कोनं लावलं?"

"म्या."

"अन् नारळ?"

"तोबी म्याच."

"मंग देव नाही असं काऊन म्हनून राह्यला?"

दुपारी हत्तीच्या गळ्यात हार पडला, संध्याकाळी कोणीतरी घंटा टांगली. एका पोराने पायरीवर पाय ठेवला, तर आईने, आत्याने आणि एका अनोळखी बाईनेही त्याला धपाटा घातला.

"उद्या तालुक्याचे साहेब उद्घाटनाले येऊन राह्यले," भगवानराव ओरडले, "अन् तू देऊळ बांधलं?"

तुळशीराम रडकुंडीला आला.

सकाळी साहेब आले. तेवढ्यात तानुबाई हार घेऊन पायऱ्या चढायला लागली.

"आजी, देवाले पाय लागते ना!" पोरं ओरडली.

"मी हार घालाले जाऊन राह्यली. खेळाले नाही!"

हत्तीच्या कपाळावर हार घालायला ती वाकली, तिचा तोल गेला आणि सत्तरीची तानुबाई सोंडेवरून सर्रकन वाळूत आली. तुळशीराम धावला.

"माय, लागलं का?"

तानुबाईने पदर सावरला. सोंडेकडे वरून खालपर्यंत पाहिलं.

"देवानं सोंडेवर घेतलं मले," ती म्हणाली. "पुन्हा वर चढव."

मग काय विचारता! जमलेल्या बायांची पायऱ्यांपाशी रांगच लागली. वच्छलाबाईने कासोटा घट्ट केला, मंजुळाबाईने चष्मा सुनेकडे दिला. साहेबांनाही बूट काढायला लावून रांगेत उभं केलं. एकेक बाई घसरायची, हसत उठायची आणि परत रांगेत जायची.

पोरं कंटाळून तुळशीरामपाशी आली.

"मिस्त्री, आता तं देव पावला ना? मंग आमचा नंबर कवा?"

"दम धरा बे," तुळशीराम रांगेतून मान न वळवता म्हणाला, "अगुदर माहा हाये."