सांधा बोलला पाहिजे

धडधाकट रुळाला कानशीने घासून मुद्दाम फट पाडणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मग भोपाळला, आमच्या अयोध्या नगरात या. माझे शेजारी तांबेकाका कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले आणि दिवाणखान्यातल्या सोफ्याला हाकलून त्यांनी तिथे प्लायवूडवर बोटभर रुंदीची रेल्वे अंथरायला घेतली. तिला खेळणं म्हणायची सोय नाही. "खेळणं तुझ्या घरी. ही लाईन आहे!"

बरं, रूळ तरी शहाण्यासारखे निवडावेत! बाजारात गजभर लांबीचे, हवे तसे वळणारे रूळ मिळतात. सांधे कमी, गाडी गुपचूप जाते. काकांनी ते परत पाठवले आणि वीतभर लांबीचे तुकडे मागवले. दुकानदार फोनवर कळवळला, "साहब, इसमें तो बहुत खटखट होगी." काका खूश. "वही तो चाहिए, मियां!" मग प्रत्येक जोडाशी कान नेऊन रिकामा डबा ढकलायचा, नापसंतीने मान हलवायची, की पुन्हा कानस. "सांधा बोलला पाहिजे," हा एकच जप. एकदा फट एवढी वाढली की इंजिनाने सरळ जमिनीवर उडी घेतली.

कॉलनीत कुजबुज सुरू झाली, कारण काकूंना हल्ली काही आठवत नाही. रोज दुपारी पिशवी भरून त्या फाटकाशी जातात, "मला घरी जायचंय" म्हणतात, आणि समजूत घालायला गेलं की रडतात. परवा तर हमरस्त्यावर सापडल्या. लेकीने पुण्याहून बजावलं, "बाबा, पुन्हा असं झालं तर आईला एखाद्या संस्थेत ठेवावं लागेल." आणि हे गृहस्थ रूळ घासतायत!

मला रागच आला. निदान काकूंना आवाजाचा त्रास नको, म्हणून मी रुळांखाली घालायला बुचाची जाड पट्टी घेऊन गेलो. काकांनी ती माझ्याच हातात कोंबली. "लाईन मुकी करायला आलास होय रे?"

तेवढ्यात काकू पिशवी घेऊन बाहेर आल्या. "बाबांची ड्यूटी संपली असेल. येते मी."

त्यांचे वडील स्टेशनमास्तर. रुळांलगतच्या क्वार्टरमध्येच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. काकांनी फक्त बटण दाबलं. खटक-खटक, खटक-खटक. काकू दारात थबकल्या. कान देऊन ऐकलं, पिशवी खाली ठेवली आणि परत येऊन खुर्चीत बसल्या. चेहऱ्यावरची घालमेल हळूहळू निवली.

"पॅसेंजर दिसतेय," त्या समाधानाने म्हणाल्या. काका त्यांच्या शेजारी जाऊन बसले. काकूंनी परक्या माणसाकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं आणि अदबीने विचारलं, "आपण कुठे उतरणार?"

जन्मभर जिला 'अगं' म्हणून हाक मारली, तिला काका तितक्याच अदबीने म्हणाले, "तुम्ही उतराल तिथेच."