उशीवरचं ‘ले’

गावंडे वकील नव्या माणसाच्या तोंडाकडे पाहत नाहीत, मानेकडे पाहतात.

अकोल्याच्या जठारपेठेत आम्ही राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं आणि मी फ्रिजचं एक टोक धरून दारात अडकलो होतो. एवढ्यात शेजारच्या फाटकातून पायजमा-बंडीतले एक उंच, पिकल्या मिशांचे गृहस्थ आले. माझ्या मागे उभे राहिले, गळ्यातला शिंप्याचा टेप काढला आणि खांद्यापासून कानापर्यंत माझी मान मोजली. हातात फ्रिज असल्यामुळे मला काहीच करता आलं नाही.

“कुशीवर झोपता का उताने?”

“कुशीवर,” मी म्हणालो. अशा वेळी माणसाला खरं बोलण्यावाचून दुसरं काही सुचत नाही.

“कोन्त्या?”

“डाव्या.”

“रेकॉर्डवर आलं,” ते म्हणाले आणि फ्रिजला बोटही न लावता निघून गेले.

पंधरवड्यानं निरोप आला, तुमची उशी तयार आहे, पाहून जा. आम्ही नवराबायको गेलो. गुलाबी अभ्रा, चारी बाजूंनी झालर, मध्ये हिरव्या दोऱ्यानं साखळी टाक्यात भरलेली ठसठशीत अक्षरं: ‘मास्तरले’. मी शाळेत मराठी शिकवतो, हे त्यांनी माझ्या पुस्तकांच्या खोक्यांवरून ताडलं होतं. अक्षरांच्या खाली एक पांढरी कांडी आडवी पडलेली आणि तिचं टोक लाल.

“ह्यांना बिडी ओढताना तुम्ही कुठं पाहिलं?” बायकोनं विचारलं.

“बिडी नोहे बाई, खडू हाये तो,” वकीलसाहेब दुखावल्या आवाजात म्हणाले. “पांढरा दोरा सरला होता.”

हा त्यांचा शिरस्ताच. प्रत्येक उशीवर नाव आणि नावाखाली त्या माणसाची खूण. समोरच्या डॉक्टरांच्या उशीवर स्टेथोस्कोप आहे. डॉक्टरांची मुलगी तिला नागोबाची उशी म्हणते. कोपऱ्यावरच्या फुलवाल्या सुमनताईंच्या उशीवर झेंडू आहे, तो मात्र झेंडूसारखाच दिसतो, कारण झेंडूला वेडंवाकडं काढलं तरी झेंडूच होतो.

तीस-पस्तीस वर्षं या माणसानं अकोल्याच्या कोर्टात वकिली केली. काळा कोट उतरवला आणि सुई धरली. त्यांच्या पत्नी आम्ही इथं यायच्या आधीच वारल्या होत्या. मुलगी पुण्याला. घरात हे एकटे आणि एक कुलर. काकूंची भरतकामाची रिंग कपाटात सापडली, ती हाती घेतली, एवढंच ते सांगायचे. साखळी टाका तेवढा येतो. दुसरा शिकायची इच्छा नाही.

कापूस अकोल्यात काय, पायलीची पन्नास माणसं देतील. पण यांना सावरीचा लागतो. परतवाड्याचा कुणी जुना पक्षकार दर उन्हाळ्यात सावरीच्या बोंडांचं पोतं बसवर टाकून पाठवतो. मग दोन-चार दिवस वकीलसाहेब कोरोनातला उरलेला मास्क लावून बोंडं फोडत बसतात. भुवया, मिशा, कुलरची जाळी, सगळं पांढरं. मी एकदा दुकानातल्या फोमच्या उशीचं नाव काढलं, तर त्यांनी माझ्याकडे फितूर साक्षीदाराकडे पाहावं तसं पाहिलं.

“फोम? अबे मास्तर, मान काय पार्सल हाये का फोमवर ठेवाले? उशी ठासून भरली का मान अकडते, कमी भरली का लटकते. मानेले समजून घ्या लागते.”

पण आमचं खरं वाजलं ते ‘ले’वरून. मी तिवशाचा, म्हणजे वऱ्हाडातलाच. घरी आईशी बोलताना मीही ‘मले-तुले’च करतो. पण लिहिताना? आणि तेही उशीवर, कायमचं?

“वकीलसाहेब, चतुर्थीचा प्रत्यय ‘ला’ आहे. ‘मास्तरला’ पाहिजे. आणि खरं म्हणजे प्रत्ययाची गरजच काय? नुसतं ‘मास्तर’ लिहा.”

“नुसतं नाव दारावर असते. त्याले पाटी म्हणते. उशी कोनाले तरी असते. ‘ले’ लावलं का वस्तू त्या मानसाची झाली. मंग मले बी परत घेता येत नाई.”

“मग ‘ला’ लावा.”

“जनमभर कोर्टात ‘ला’, ‘ला’ केलं. आता घरी बसून राहिलो तं मले ‘ले’ म्हणू द्या ना बाप्पा!”

पुढे कित्येकदा हा वाद निघाला आणि दर वेळी मी हरलो. वकिलाशी वाद घालायची हौस मला तेव्हापासून उरलेली नाही.

उशी तुमची असली तरी ती घरी न्यायची नाही, हा त्यांचा दुसरा कायदा. “उशी अठीच राहीन. मानूस येईन.” समोरच्या खोलीत पेटीचा दिवाण आहे. त्याच्या पोटात गावातल्या, गावाबाहेरच्या, नात्यातल्या, कुठल्या खटल्यातल्या माणसांच्या उशा एकीवर एक रचलेल्या. रविवारी त्या गच्चीवर उन्हात पडतात. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाचता येतात: डॉक्टरले, सुमनले, बंडूभाऊले, मास्तरले. आता खरं सांगायचं तर शेजाऱ्यांपैकी कोण कशाला तिथं झोपायला जातं? प्रत्येकाला आपापलं घर आहे. मी रविवारी दुपारी अधूनमधून जाऊन आडवा व्हायचो. ते आरामखुर्चीत बसून रिंगेत कापड ताणत आणि मी घोरलो की खूश होत. “मास्तर, आज मस्त वाजून राहिले तुमी,” असं उठल्यावर सांगत. त्या घरात कुणीतरी झोपलेलं असावं, एवढंच त्यांना हवं असायचं. मला ते समजायला वेळ लागला आणि समजल्यावर मी एकही रविवार चुकवला नाही.

त्या उशांमध्ये एक उशी कधी गच्चीवर यायची नाही. त्यांच्या स्वतःच्या खोलीत, उशाशी, टॉवेलमध्ये गुंडाळलेली असायची. पार चपटी झालेली. एकदा मी म्हटलं, ही पिंजून घ्या, नुसती घडी झाली आहे हिची. ते म्हणाले, “ते रेकॉर्डवर नाई.” आवाज असा होता की मी विषय बदलला.

मागच्या वर्षी बेबीचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, पुण्यात लग्न झालं. जावई अनिरुद्ध पुण्याचेच, कुठल्याशा कंपनीत आहेत. लग्नाहून परत आल्या दिवशी वकीलसाहेबांनी जावयाची उशी कापायला घेतली. मान मांडवातच मोजून आणली होती.

“बारीक मान हाये. पन सोभाव चांगला वाटते.”

अडचण नावाची होती. साखळी टाक्यात ‘द्ध’ काही बसेना. एकदा तो ‘ध्द’ झाला, एकदा ‘ध्द’सुद्धा झाला नाही, नुसता बेडूक झाला. त्यातून जावयाला नुसतं ‘अनिरुद्ध’ कसं म्हणायचं, ‘राव’ पाहिजे. ‘अनिरुद्धरावले’ लिहिलं तर ‘ले’ झालरीवर जातं. “नाव लांब, उशी आखूड,” ते म्हणत आणि पुन्हा सगळं उसवत. माझ्या मते ते उसवणं त्यांना आवडत होतं. जावई यायचा होता. तोवर हाताला काम होतं.

जावई मात्र येत नव्हते. संक्रांतीला येतो म्हणाले, सुटी मिळाली नाही. होळीला बेबीला ताप आला. फोन ठेवून वकीलसाहेब आमच्या ओट्यावर यायचे आणि कोर्टातल्या पुकाऱ्याच्या सुरात सांगायचे, “पक्षकार गैरहजर. पुढची तारीख पडली.” आणि हसायचे. ते हसणं मला ऐकवत नसे. दिवाणावरच्या गादीला मात्र दर तारखेला ऊन दाखवलं जायचं.

मे महिन्यात अखेर दोघं आली. पहिल्या दिवशी आमरस, कुरडया, पाटोडीची भाजी असा बेत झाला. पाटोडीचा रस्सा जावयांनी घाम पुसत, डोळ्यांतलं पाणी पुसत, पण संपवला. जेवण झालं आणि जावयाची उशी तयार नव्हती! ‘ले’ राहिलं होतं.

“जवाईबापू, जराक बसा. दहा मिनिटात देतो,” म्हणून वकीलसाहेब रिंग घेऊन मागच्या पडवीत गेले. दोरा ओवायला मला घेऊन गेले. बेबी आणि माझी बायको भांडी आवरत होत्या. अकोल्याचं ऊन, पोटात आमरस आणि कुलरचा गार वारा, यात पुण्याचा माणूस दहा मिनिटं काय बसणार?

आम्ही उशी घेऊन आत आलो तेव्हा जावई वकीलसाहेबांच्या खोलीत, त्यांच्या कॉटवर, गाढ झोपले होते. डोक्याखाली ती चपटी उशी. टॉवेल बाजूला पडला होता आणि त्यांच्या कानाजवळ, पार विटलेल्या निळ्या दोऱ्यातली अक्षरं मी पहिल्यांदाच वाचली: ‘तुमाले’.

मागून बेबी आली. तिनं पाहिलं आणि ती झटकन पुढं झाली. “बाबा! आईची उशी! थांबा, उठवते मी त्याईले.”

वकीलसाहेबांनी तिचा हात धरला.

“झोपू दे.”

“अवो पन बाबा, आईनं तुमच्यासाठी...” ती माझ्याकडे वळून कुजबुजली, “सर, आईनं लग्नाच्या पहिल्या वर्षी केली होती ही. सगळ्या बायका उशीवर नवऱ्याचं नाव भरत, आई बाबांचं नाव कधी घ्यायची नाही. मग काय लिहिणार? तिनं ‘तुमाले’ लिहिलं. बाबा कुणाला हातसुद्धा लावू देत नाहीत.”

मला एकदम सगळ्या उशा आठवल्या. डॉक्टरले, सुमनले, मास्तरले. माझ्या व्याकरणाची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

वकीलसाहेब जावयाकडेच पाहत होते. “नाव कुठी हाये त्याच्यावर?” ते हळूच म्हणाले. “कागदावर नाव नसलं का ज्याच्या हाती तो धनी. त्यानं वाचलं, त्याले वाटलं आपल्यालेच हाये. काय चुकलं?” वकिलीचा सूर काढायचा प्रयत्न होता, पण तो शेवटी शेवटी फाटला. हातातली नवी उशी त्यांनी पाठीमागे लपवली होती.

जावई चांगले दोन तास झोपले. उठले ते अगदी भारावून. “बाबा, इतकी शांत झोप मला कित्येक दिवसांत लागली नव्हती. आणि माझं नाव न घालता ‘तुम्हाला’ लिहिलंत! किती अदब आहे हो तुमच्या भाषेत. आम्हाला पुण्यात उगाच वाटतं वऱ्हाडी रांगडी असते म्हणून.” त्यांनी उशी छातीशी धरली होती. “मी ही घरी नेऊ का?”

बेबीनं डोळे मिटून घेतले. माझी बायको कपबशा घेऊन दारातच थबकली. ‘ले’ लावलं की मलाही परत घेता येत नाही, हे वाक्य मी स्वतः या माणसाच्या तोंडून ऐकलं होतं. आता नाही कसं म्हणणार, आणि हो तरी कसं म्हणणार? वकीलसाहेबांनी हात पुढं केला आणि उशीवरचं ते ‘ले’ अंगठ्यानं सारखं केल्यासारखं केलं.

“बापू, उशी तुमचीच हाये,” ते म्हणाले. “पन आपल्या घरचा कायदा असा हाये का उशी अठीच राहते. तुमाले यावं लागीन.”

“येईन ना. दसऱ्याला नक्की...”

“तारीख नका देऊ,” वकीलसाहेब म्हणाले. “तारीख नका देऊ बापू. या फक्त.”

चार दिवसांनी ती दोघं गेली. वाटेत बेबीनं नवऱ्याला सगळं सांगितलं असावं, कारण रात्री जावयांचा माफी मागणारा फोन आला. वकीलसाहेब एवढंच म्हणाले, “माफी कायची? मी एकटाच किती झोपू त्याच्यावर?”

नंतरच्या रविवारी मी गेलो तर आरामखुर्ची रिकामी होती. मी वर गेलो. ते गच्चीवर होते. उशा नेहमीप्रमाणे उन्हात मांडलेल्या. ‘अनिरुद्धरावले’ होती, ‘द्ध’चा बेडूक तसाच. आणि तिच्याशेजारी, पहिल्यांदाच उघड्या उन्हात, ‘तुमाले’. पण ती चपटी राहिली नव्हती. चांगली फुगली होती.

“उसवली मी,” ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. “तिच्या हातानं भरलेला कापूस होता, म्हणून हिंमत होत नोहती. गच्च झाला होता. हातानं मोकया केला. जराक सावरी मिसळली. मंग दोघाइले पुरला.”

“दोघांना?”

‘तुमाले’च्या पलीकडे एक नवी उशी होती. पांढरा अभ्रा. निळा दोरा. खाली खूण नाही, फूल नाही, काही नाही. दोनच अक्षरं: ‘तुले’.

“मी तरी तिचं नाव कधी घेतलं?” वकीलसाहेब म्हणाले. “लोकाइसमोर ‘अवो’, नाई तं ‘बेबीची माय’. दोघंच असलो का ‘तू’. गावाच्या माना मोजत बसलो अन् तिची उशी राहून गेली. काय लिवावं तेच समजत नोहतं.” त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवलं. “मास्तर, तपासा बरं. चुकलं असन तं आत्ताच सांगा, उसवून टाकतो.”

मी खाली वाकून दोनदा वाचलं.

“बरोबर आहे,” मी म्हणालो.