सत्कारापुरतं पुस्तक

एका जंगलात एक सार्वजनिक वाचनालय होतं. हसू नका, मुलांनो. तुमच्या गावात आहे ना? मग जंगलानेच काय घोडं मारलंय?

वाचनालय जुन्या वडाखाली होतं. दारावर मोठी पाटी होती. आत चौदा कपाटं होती आणि चौदाही कपाटांना कुलपं होती. त्यामुळे पुस्तकं अगदी झकास राहिली होती. चाळीस वर्षांत एक पान फाटलं नव्हतं की एक कोपरा दुमडला नव्हता. कित्येक पुस्तकांची पानं तर छापखान्यातून आली तशीच कडेला जोडलेली होती. कोणी ती कापून उघडलीच नव्हती. वाचनालयाला या गोष्टीचा फार अभिमान होता.

ग्रंथपाल होते घोरपडे. नावाप्रमाणे घोरपडच. घोरपडीची पकड तुम्हाला ठाऊक असेल. एकदा धरलं की सोडत नाही. यांनी खुर्ची धरली होती.

अध्यक्ष होते भालेराव नावाचं अस्वल. भालेरावांनी जन्मात पुस्तक वाचलं नव्हतं, पण ‘वाचनाचे फायदे’ या विषयावर त्यांची दोनशे भाषणं झाली होती. कपाटांच्या किल्ल्या ते गळ्यात घालून हिंडत. किल्ल्या वाजल्या की लोक म्हणत, विद्वान आले.

पण ही गोष्ट त्यांची नाही. ही गोष्ट चंद्राक्काची आहे.

चंद्राक्का ही साळू. पाठीवर काटे असतात ती साळू. टेकडीमागच्या बिळात तिचं मोठं घर होतं. सासू, दीर, जावा, पिल्लं, मिळून अकरा तोंडं. सगळी कंदमुळांवर जगणारी.

त्या साली पाऊस सलग दुसऱ्यांदा हुलकावणी देऊन गेला. ओळखीची मुळं संपली. टेकडीवर उरले फक्त कडू करांदे. ते हवे तेवढे होते. जमीन उकरावी तिथे करांदा. पण ते खाऊन काय होतं, हे नक्की कोणालाच ठाऊक नव्हतं. मग धाकट्या दिराला भूक सोसवेना. त्याने एक करांदा खाल्ला. सकाळी त्याचे काटे ताठ होते आणि तो गेलेला होता.

तेव्हा म्हातारी सासू म्हणाली, “तुझे सासरे सांगायचे, वाचनालयात कंदमुळांचं पुस्तक आहे. एका वानराने लिहिलेलं. त्याने सगळं रान चाखलं. जे पचलं तेही लिहिलं, आणि जे बाधलं तेही लिहिलं. तू तीन यत्ता शिकली आहेस, तुला वाचता येतं ना? मग जा.”

चंद्राक्का गेली.

“पुस्तक हवं होतं,” ती म्हणाली.

घोरपड्यांनी मान वर करून तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिने त्यांचं शेपूट मागितलं होतं.

“कशाला?”

“वाचायला.”

“वाचायला म्हणजे नक्की कशाला?”

चंद्राक्काने दिराचं सांगितलं, पिल्लांचं सांगितलं. घोरपड्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक छापील अर्ज पुढे सरकवला.

“आधी सभासद व्हा. अर्जावर दोन सभासदांच्या सह्या आणा. ही यादी.”

यादीत चारशे बारा नावं होती. चंद्राक्का बोट ठेवून वाचू लागली. “हे चितळ तर वाघाने खाल्लं.”

“असेल.”

“हा ससा मागच्या वणव्यात गेला. हे सांबर म्हातारपणाने गेलं. हे तर माझे सासरे.”

“वहीत आहेत ना? मग आहेत.”

“पण मेलेले सही कशी करतील?”

“ती तुमची अडचण झाली, बाई. आमची नाही.”

मुलांनो, यात घोरपड्यांची चूक काढू नका. मेलेल्या सभासदासारखा सभासद नाही. तो पुस्तक मागत नाही, तक्रार करत नाही आणि अहवालात संख्याही कमी होऊ देत नाही.

जिवंत सभासद सातच होते. ती सगळी कार्यकारिणीच होती. चंद्राक्का एकेकाच्या दारात गेली. मोर म्हणाला, “पिसारा झडला आहे, अशा अवस्थेत मी सही करत नाही.” रानडुक्कर म्हणालं, “साळूंना पुस्तक दिलं तर उद्या उंदीर मागतील.” शेवटी एक बहिरं कासव आणि एक झोपाळू वटवाघूळ यांच्या सह्या मिळाल्या. दोघांनीही अर्ज वाचला नाही, म्हणून मिळाल्या.

“आता राहण्याचा पुरावा,” घोरपडे म्हणाले. “तुमच्या बिळाला तोंडं किती?”

“दोन. एक पुढचं, एक मागचं.”

“मग पत्ता कोणता धरायचा? एका सभासदाला एकच पत्ता, असा नियम आहे. एक तोंड बुजवून या.”

“बुजवलं आणि साप आला तर आम्ही पळायचं कुठून?”

“नियम सापाला विचारून केलेला नाही.”

चंद्राक्काने राग गिळला. त्या दिवसांत गिळायला दुसरं काही नव्हतंच. ती म्हणाली, “घरी नेत नाही. इथेच बसून वाचते. तसं चालतं का?”

“चालतं तर. वाचनकक्ष सर्वांना खुला आहे.” घोरपडे हसले. “पण खुर्च्यांना नव्या गाद्या घातल्या आहेत. काटे असलेल्यांना बसता येणार नाही.”

“उभ्याने वाचते.”

“वाचनकक्षात उभं राहायला मनाई आहे. बसलेल्यांना त्रास होतो.”

चंद्राक्काने आत डोकावलं. कक्षात कोणीच बसलेलं नव्हतं. खुर्च्यांवर भालेरावांचे मधाचे हंडे ओळीने ठेवले होते. त्यांना काटे नव्हते.

ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. रोज नवा नियम निघायचा आणि ती रोज परत यायची. दहाव्या दिवशी घरी आली, तर मेलेल्या दिराचं पिल्लू करांद्याचा वेल हुंगत बसलं होतं. तिने त्याला उचलून आत नेलं. ते रडलंही नाही. त्याच्यात रडण्याइतका जीव उरला नव्हता. त्या पिल्लाकडे पाहताना चंद्राक्काला पहिल्यांदा भीती वाटली. आतापर्यंत नुसती घाई वाटत होती.

इकडे वाचनालयात वेगळंच संकट उभं राहिलं होतं. पलीकडच्या राज्यातून तपासणी येणार होती. वाचनालयाचा दर्जा वाढायचा होता. अहवालात सगळं तयार होतं. फक्त एका रकान्यात लिहिलं होतं, ‘आदर्श वाचकाचा सत्कार, फोटोसह.’ आणि वाचक कुठून आणायचा, हे कोणालाच सुचेना.

घोरपडे म्हणाले, “एक साळू आहे. दहा दिवस रोज येते.”

“वाचते काय?” भालेरावांनी विचारलं.

“छे. आपण अजून पुस्तकच दिलेलं नाही.”

“मग आदर्शच म्हणायची,” भालेराव म्हणाले. “बोलवा.”

अशा रीतीने, सभासद व्हायलाही अपात्र ठरलेली चंद्राक्का वर्षाची आदर्श वाचक झाली.

सत्काराच्या दिवशी सकाळी वडाखाली मंडप उभा राहिला. चंद्राक्काच्या अंगावर शाल घातली. ती काट्यांत अडकून चार जागी फाटली. नारळ दिला. मग माकड फोटो काढायला पुढे आलं आणि म्हणालं, “वाचकाच्या हातात पुस्तक नको का?”

“हवं, हवं,” घोरपडे म्हणाले. “कोणतंही चालेल. फोटोपुरतंच आहे.”

“ते कंदमुळांचं द्या,” चंद्राक्का हळूच म्हणाली. “जाड आहे म्हणतात. फोटोत भारदस्त दिसेल.”

भालेरावांना ते पटलं. त्यांनी गळ्यातली किल्ली काढली, कपाट कुरकुरलं आणि चाळीस वर्षांनी ते पुस्तक उजेडात आलं.

“उघडून धरा,” घोरपड्यांनी बजावलं. “कार्यक्रम संपेपर्यंत तसंच धरायचं. वाचताय असं दिसलं पाहिजे.”

“आणि खरंच वाचलं तर?”

“विनोदी आहात,” घोरपडे म्हणाले आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

भालेराव बोलायला उभे राहिले. “मित्रहो, मी जास्त वेळ घेणार नाही,” असं त्यांनी म्हणताच सगळा मंडप सैलावून बसला. आता दुपारपर्यंत सुटका नाही, हे सर्वांना कळलं. चंद्राक्काला बसायला खुर्ची नव्हतीच. ती उभ्याउभ्या वाचू लागली.

पानं जोडलेली होती. तिने पाठीचा एक काटा उपटला आणि त्याने पानं कापत गेली. सर्र. भालेराव वाचनाने मन कसं विशाल होतं ते सांगत होते. सर्र. घोरपड्यांचे कान टवकारले. पुस्तक कापलं जातंय हे त्यांना कळत होतं. पण अध्यक्ष बोलत असताना ग्रंथपालाने उठायचं नाही, असा नियम होता, आणि तो घोरपड्यांनीच केलेला होता.

एकशे तेराव्या पानावर करांदा सापडला. वानराने लिहिलं होतं: ‘कडू करांदा कच्चा खाऊ नये. मी खाल्ला. चार दिवस मला प्रत्येक झाड दोनदा दिसत होतं. पुढच्या दुष्काळात नाइलाजाने पुन्हा त्याच्या वाटेला गेलो आणि अखेर उपाय सापडला. तो असा.’

पान संपलं. पुढचं पान जोडलेलं होतं. चंद्राक्काने काटा लावला, तेवढ्यात भालेराव म्हणाले, “एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.”

टाळ्या झाल्या. घोरपडे ताडकन उठले आणि पुस्तकाकडे निघाले. त्यांचा पंजा पुठ्ठ्यावर पडला, तेव्हा चंद्राक्का मोठ्याने म्हणाली, “अध्यक्षसाहेब, मुख्य गोष्ट राहूनच गेली.”

“कोणती?” भालेराव वळले.

“आपण पहिलं पोळं कसं उतरवलंत, ते. आमच्या सासूबाई म्हणतात, तसा पराक्रम या रानात पुन्हा झाला नाही. आम्हाला तो आपल्या तोंडून ऐकायचा होता.”

भालेरावांचे डोळे पाणावले. दोनशे भाषणांत त्यांना कोणी आणखी बोला म्हटलं नव्हतं. त्यांनी घोरपड्यांना हाताने बसवलं. “बसा, घोरपडे. लोकांची इच्छा आहे.”

लोकांनी चंद्राक्काकडे जळजळीत नजरेने पाहिलं. तिने पान कापलं.

भालेराव झाडावर चढू लागले, म्हणजे भाषणात. इकडे चंद्राक्का वाचत होती. करांद्याच्या पातळ चकत्या कराव्यात. वाहत्या पाण्यात पाच दिवस ठेवाव्यात. मग जिभेचं टोक लावून पाहावं. चरचरलं तर आणखी दोन दिवस ठेवाव्यात. तिने ते तीनदा वाचलं, डोळे मिटून मनाशी म्हटलं, पुन्हा ताडून पाहिलं. भालेराव अजून पहिल्या फांदीवरच होते. तेव्हा तिने पुढचे आठ कंदही वाचून घेतले.

संध्याकाळी कार्यक्रम संपला. घोरपड्यांनी पुस्तक हिसकावून घेतलं. तोवर ते रिकामंच झालं होतं म्हणायचं. त्यातलं जे हवं होतं ते घरी चाललं होतं.

चंद्राक्काने घरातल्या सगळ्यांचे दात कामाला लावले. चकत्या झाल्या. नदीची धार बारीक होती, पण वाहती होती. पाच दिवस अकरा तोंडांच्या घराने काठावर बसून नुसतं पाण्याकडे पाहिलं. दहाच तोंडं होती खरं तर, पण सासू अजून अकराच मोजायची. सहाव्या दिवशी चंद्राक्काने जीभ लावली. चरचरलं. आठव्या दिवशी चरचरलं नाही. पहिला घास तिने एकटीने खाल्ला आणि सगळ्यांना दूर बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झाड एकच दिसत होतं. मग तिने पिल्लाला पुढे घेतलं आणि त्याच्या तोंडात चकती घातली. त्याने ती चावली, गिळली आणि आणखी मागायला भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून चंद्राक्काने बाकीच्यांना जवळ बोलावलं.

बातमी लपते थोडीच. शेजारचे उंदीर आले. कोल्हीण आली. ज्याने सही नाकारली होती ते रानडुक्करही खाली मान घालून आलं. चंद्राक्काने सगळ्यांना सांगितलं. अर्ज मागितला नाही की कोणाच्या बिळाला किती तोंडं आहेत तेही विचारलं नाही. पुढच्या महिन्यात टेकडीवरचं कोणी उपाशी मेलं नाही.

वाचनालयाची तपासणी मात्र बिघडली. तपासनीस तरसाने कंदमुळांचं पुस्तक उघडलं आणि शेरा लिहिला, ‘पुस्तक वाचलं गेल्याचं आढळलं. कारण विचारावं.’

कार्यकारिणीची तातडीची सभा झाली. ते पुस्तक खराब म्हणून निकाली काढलं. यापुढे सत्काराच्या वेळी वाचकाच्या हातात नुसते पुठ्ठे द्यावेत, असा ठराव झाला. आणि चंद्राक्काला नोटीस धाडायचं ठरलं. ठरावाच्या बाजूने रानडुकरानेही हात वर केला. त्याचं पोट भरलेलं होतं, त्यामुळे हात सहज वर गेला.

घोरपडे स्वतः नोटीस घेऊन बिळाशी आले. ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘येथे अनधिकृत वाचनालय चालते.’

चंद्राक्काने ती नीट वाचली. पाठीचे दोन काटे उपटले आणि दोन्ही टोकांना टोचून नोटीस बिळाच्या तोंडावर लावून टाकली.

“हे काय करता?” घोरपड्यांनी विचारलं.

“लोकांना बीळ सापडत नव्हतं,” ती म्हणाली. “पाटी हवीच होती.”

दुसऱ्या दिवसापासून गर्दी वाढली.

तात्पर्य: मुलांनो, पुस्तक हवं असेल तर वाचनालयात पुस्तक मागू नये. आपला सत्कार करवून घ्यावा, आणि अध्यक्षांना थांबू देऊ नये.