पावतीवरचं नाव

आमच्या शेजारचे अंबादासकाका कोणाच्याही घरी गेले की आधी मेन स्विच कुठं आहे ते विचारतात. पाण्याचा ग्लास नंतर. जुन्या जालन्यातल्या एका वकिलाकडे त्यांनी जन्मभर टायपिंग केलं. आता रिटायर, एकटेच राहतात. घरात मिक्सर नाही, फ्रिज नाही. पंखा आहे, पण त्याचं बटण काठीने दाबतात. आमच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली की भिंतीपलीकडून आवाज येतो, "बंद केला का?"

गेल्या हिवाळ्यात माझ्या भावाने आम्हाला गिझर भेट दिला. दुकानाच्याच माणसाने तो बसवला. काकांनी त्याला अर्थिंगचं चारदा विचारलं. त्याने चारदा हो म्हटलं. तरी आमच्याकडे कोणी अंघोळीला गेलं की काका पायरीवर येऊन बसायचे. "मला भ्या वाटून राह्यलं," एवढंच म्हणायचे. आम्ही हसायचो.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी नळाला हात लावला आणि किंचाळल्या. मी धावत जाऊन त्यांना धरणार, तेवढ्यात पायरीवरून धावत आलेल्या काकांनी माझा दंड धरून मागं ओढलं आणि मेन स्विच पाडला. सासूबाई कोसळल्या. श्वास चालू होता, पण हात भाजला होता. दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले.

दुसऱ्याच दिवशी मी दुकानात गेले तेव्हा काका सोबत आले. दुकानदार म्हणाला, पावती तुमच्या भावाच्या नावावर आहे; त्यांना हवा तर गिझर बदलून देतो, तुमच्याशी आमचा व्यवहारच नाही. मी परत फिरणार होते. काका मात्र काउंटरपाशीच उभे राहिले.

"गिझर बदलून देणं करारातलं," ते म्हणाले. "ते भावासंगं, बराबर आहे. पण करंट पावती वाचून लागत न्हाई. तुमच्या हलगर्जीनं ज्याला इजा होईल, त्याला तुम्ही जबाबदार. त्याला करार लागत न्हाई. तक्रार मीच टाईप करतो."

दुकानदाराने गिझर बसवणाऱ्या त्याच माणसाला आमच्या घरी पाठवलं. अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती. त्याच आठवड्यात त्या माणसाने आणखी दोन घरी गिझर बसवले होते. काकांनी त्याला तिथंच उभं करून दोन्हीकडे फोन लावायला लावले.

त्याच संध्याकाळी सासूबाईंना भेटायला आम्ही रिक्षाने दवाखान्यात गेलो. परत येताना मी विचारलं, हे सगळं तुम्हाला वकिलांनी शिकवलं का?

काका माझ्याकडे न बघता बोलायला लागले. काकू फार पूर्वी गेल्या, एवढंच मला माहीत होतं.

"इस्त्री तिच्या माहेरून आल्ती. त्या इस्त्रीचाच करंट लागून गेली ती," ते म्हणाले. "दुकानदार म्हणला, पावती तुमच्या नावाची न्हाई. मी बराबर म्हणलो अन् घरी आलो. मंग कैक वर्षांनी दुसऱ्याच्या केसचा कागद टाईप करताना कळलं, दुसरा रस्ता होता."

रिक्षा गल्लीत थांबली. मी उतरले. काका बसूनच राहिले. रिक्षावाला मागं वळून बघायला लागला. मी त्याला हातानेच थांब म्हटलं आणि परत आत जाऊन काकांच्या शेजारी बसले.