कुरडया पांढऱ्या राहिल्या तर

गुरुशांत बिराजदारला होटगी रोडवरचं घर हवं होतं ते राहायला नव्हे, दिसायला. राहायला त्याच्याकडे घर होतं. मंगळवार पेठेतल्या एका बोळात, जाड भिंतींचं, उन्हाळ्यात गार राहणारं. पण त्या बोळात रिक्षा शिरत नव्हती, आणि ज्याच्या दारापर्यंत रिक्षा येत नाही त्याला समाजात किंमत नाही, असं त्याचं पक्कं मत होतं. तो एका खाजगी कॉलेजात हेडक्लार्क होता. प्राचार्य मुलीची लग्नपत्रिका द्यायला आले तेव्हा त्यांची गाडी बोळाच्या तोंडाशी अडली आणि गुरुशांतला बनियनवर धावत जाऊन रस्त्यातच पत्रिका घ्यावी लागली. शिवाय साडू सिद्धलिंगचा बंगला भर रस्त्यावर होता. त्याच्या गेटवरची पाटी बसमधूनसुद्धा वाचता यायची. गुरुशांत तिथून जाताना मान फिरवून बसायचा, पण पाटी वाचल्याशिवाय राहायचा नाही.

घर दाखवलं अजिनाथ नावाच्या एजंटनं. मालक पुण्याला, किल्ली अजिनाथकडे. हा गडी मूळचा करमाळ्याकडचा, पूर्वी शेळ्यांचे सौदे करायचा आणि आता घरांचे करत होता. गिऱ्हाइकाला माल कुठल्या बाजूनं दाखवावा हे कसब त्याला दोन्ही धंद्यांत सारखंच उपयोगी पडत होतं. त्यानं बिराजदार कुटुंबाला मे महिन्यात दुपारी दोन वाजता नेलं. सोलापुरात त्या वेळी रस्त्यावर फक्त ऊन असतं.

"बगा साहेब, चिटपाखरू तरी हाय का? मेन रोड म्हनत्यात लोकं ह्याला!" अजिनाथ म्हणाला.

त्याच रस्त्यानं रोज कॉलेजला जाणाऱ्या गुरुशांतला तिथली बस, लॉऱ्या, डंपर आणि शाळेच्या रिक्षा चांगल्या ठाऊक होत्या. तरीही त्यानं भक्तिभावानं मान डोलावली. ज्यानं फसायचं ठरवलंच आहे त्याला एजंटची गरज नसते. अजिनाथ केवळ सोबतीला होता.

अडचण एकच होती, आणि ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. बोळातलं घर गुरुशांतच्या आईच्या, ईरम्माच्या नावावर होतं. ते विकल्याशिवाय हे घेता येत नव्हतं आणि ईरम्माच्या सहीशिवाय ते विकता येत नव्हतं.

"रस्त्याची धूळ खायला मी तिकडं येनार न्हाय," ती म्हणाली.

"अव्वा, वर गच्ची आहे. इतक्या उंच धूळ येत नाही. मी सायन्सचा विद्यार्थी आहे," गुरुशांत म्हणाला. तो अकरावीला सायन्सला होता. बारावीला नव्हता.

"तू म्हनतोस धूळ न्हाय, मी म्हनते हाय. भांडायचं कशाला की? त्या गच्चीवर एक दिवस कुरडया घालते. संध्याकाळी पांढऱ्या ऱ्हायल्या तर सही करते. काळ्या झाल्या तर त्या घराचं पुन्हा नाव काढायचं न्हाय."

गुरुशांतची बायको दानेश्वरी शिक्षिका होती आणि सुटी असल्यामुळे हे सगळं तिच्यासमोर चाललं होतं. घर हवं की नको हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. "म्हणजे इंजिनिअरचा रिपोर्ट नको, वकिलाचा नको. कुरडयांचा रिपोर्ट!" एवढं बोलून ती गहू भिजत घालायला गेली.

गहू तीन दिवस भिजतात. तेवढ्या काळात गुरुशांतचं निम्मं वजन उतरलं. कॉलेजात त्यानं रजेच्या अर्जांवर उलटेसुलटे शिक्के मारले. शेवटी त्यानं अजिनाथला गाठलं. अजिनाथ म्हणजे उंटावरचा शहाणा. त्याच्याकडे उपाय तयारच होता.

"लई सोपं हाय. सकाळी सातला पान्याचा टँकर आनू. घरापुढचा रस्ता दोन्ही अंगानं वल्ला करू. वल्ली माती उडती का? तुमीच सांगा, तुमी सायन्सवाले."

गुरुशांतला हा उपाय इतका आवडला की त्यानं अजिनाथला चहा पाजला. ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ज्या शहरात माणूस दुसऱ्या गावाला लग्नाला जातानासुद्धा 'आज पाणी आहे का' हे बघून निघतो, तिथं भर मेमध्ये रस्त्यावर पाणी ओतायचं, ही कल्पना दोन गाढवांना सुचली असती तर तिसऱ्यानं त्यांना हटकलं असतं. इथं तिसरा नव्हता.

ठरल्या दिवशी पहाटेच ईरम्मानं गच्चीवर शेगडी मांडली, चीक शिजवला आणि सूनबाईच्या हातात सोऱ्या दिला. पांढऱ्याशुभ्र धोतरावर कुरडयांच्या रांगा पडू लागल्या. खाली बरोबर सातला टँकर आला. ड्रायव्हरनं मागचा कॉक सोडला आणि होटगी रोडचा वीसेक फुटांचा तुकडा छान चमकू लागला. गुरुशांत फाटकात हात मागे बांधून उभा होता. आपण आत्ताच इथले मालक दिसतो, असं त्याला वाटत होतं.

तेवढ्यात समोरच्या वस्तीतून चंद्रव्वा नावाची एक बाई कळशी घेऊन बाहेर आली. तिनं रस्त्याकडे पाहिलं, टँकरकडे पाहिलं आणि मग जो आवाज लावला तो पार चौकापर्यंत गेला.

"अगं बया! आमच्या घागरी पाच दिस कोरड्या, आन हे मुडदे रस्त्याला आंगोळ घालाय लागलेत! या गं सगळ्या! या!"

दोन मिनिटांत टँकरपुढे घागरी, बादल्या, तेलाचे रिकामे डबे आणि प्लॅस्टिकच्या कॅनची रांग लागली. ती रांग फुटपाथवर मावेना, कारण तिथं फुटपाथच नव्हता. म्हणून ती रस्त्यात आली. तिच्यामागे बस थांबली, बसमागे लॉरी, लॉरीमागे शाळेच्या उन्हाळी शिबिराच्या रिक्षा.

"टँकर कुनी आनला?" चंद्रव्वानं कमरेवर हात ठेवून विचारलं.

ड्रायव्हरनं निमूटपणे गुरुशांतकडे बोट दाखवलं. गुरुशांतनं अजिनाथकडे पाहिलं. अजिनाथला नेमका त्याच क्षणी फोन आला होता. मोबाईलचा दिवा पेटलेला नव्हता, तरी तो कानाला लावून "हॅलो, रेंज न्हाय, बाहेर येतो" म्हणत तो जो गेला तो गेलाच. तो आधीच बाहेर उभा होता.

खरं बोलायचं धाडस गुरुशांतमध्ये लहानपणापासून नव्हतं. साठ बायका आणि साठ घागरी समोर बघून तो म्हणाला, "तुमच्यासाठीच आणलाय की, ताई! रस्त्यावर सांडलं ते... ते चुकून."

झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बायकांचा राग क्षणात पाघळला आणि त्या जागी भलतंच काहीतरी आलं. "साहेब देवमानूस हाय" असं एक म्हणाली, "देवमानसा, माझी कळशी आदी भर" असं दुसरी म्हणाली, आणि तिसरीनं त्याच्या हातात पाइपच दिला. गुरुशांत पँट गुडघ्यापर्यंत दुमडून भर होटगी रोडवर घागरी भरू लागला. दर तिसऱ्या घागरीला भांडण होत होतं आणि दर भांडणाचा न्याय त्यानं करायचा होता. न्याय दिला की दोन्ही बाजू त्यालाच शिव्या देत होत्या.

मागं अडकलेल्या गाड्यांनी हॉर्नचा हलकल्लोळ केला. "काय बे, पानपोई घातलीस काय रस्त्यात?" बसचा कंडक्टर ओरडला. कर्नाटकातल्या लॉरीवाल्यानं खिडकीतून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो कानडीत होता, आणि दुर्दैवानं गुरुशांतला कानडी उत्तम येत होती.

टँकर आटला. रांग मात्र आटली नव्हती. "दुसरा बोलवा साहेब, न्हायतर आमी हितनं हालत न्हाय," चंद्रव्वानं जाहीर केलं आणि ती घागर उलटी घालून तिच्यावर बसली. तिच्या मागोमाग सगळ्या बसल्या. गुरुशांतनं दुसरा टँकर मागवला. तो गर्दीतून आत यायलाच तास लागला.

पाण्याला मुंग्या लागत नसतील, पण गर्दीला पुढारी लागतात. भागातला एक भावी नगरसेवक पांढऱ्या कपड्यात, चार फोटोवाल्यांसह अवतरला. आयत्या बिळावर नागोबा! त्यानं टँकरला हार घातला, एका आजीच्या घागरीत दोन बोटं बुडवली, फोटो काढून घेतले आणि टँकरवर स्वतःच्या नावाचा फलक बांधून घेतला.

"अहो, पण टँकर मी..." गुरुशांत पुटपुटला.

"तुम्ही आमचे कार्यकर्ते ना? छान काम करताय. फक्त थोडं बाजूला व्हा, फोटोत पाय येतोय तुमचा," असं म्हणून भावी नगरसेवक निघून गेला. श्रेय त्याच्याबरोबर गेलं. बोंब मात्र गुरुशांतपाशी राहिली.

आणि मग त्या गाड्यांच्या गर्दीत एका नव्याकोऱ्या मोटारीची काच खाली झाली. आत सिद्धलिंग होता. पाऊण तास तो तिथंच अडकला होता आणि पाऊण तास तो हे सगळं बघत होता.

"काय साडूभाऊ, टँकरवर लागला की काय? कॉलेजात भागत नाही वाटतं?" त्यानं मायेनं विचारलं.

भर रस्त्यावर, सगळ्या गावाला दिसेल असं उभं राहायचं गुरुशांतचं स्वप्न पुरं झालं होतं. एक चप्पल चिखलात रुतलेली, शर्टाची बाही उसवलेली, हातात पाण्याचा पाइप. बोळाच्या तोंडाशी बनियनवर घेतलेली पत्रिका त्याला आता फार सन्मानाची वाटू लागली. तिथं निदान फक्त प्राचार्य होते.

दुपारी एकच्या सुमारास पाणी संपलं, बायका पांगल्या, गाड्या सुटल्या आणि सोलापूर नेहमीप्रमाणे झोपायला गेलं. गुरुशांत जिन्यात बसून विचार करत होता. या रस्त्यावर आता त्याला प्रत्येक बाई ओळखत होती, प्रत्येक ड्रायव्हर ओळखत होता. इथं राहायला येणं म्हणजे रोज सकाळी सातला मरणं. हे घर नको. काय वाट्टेल ते झालं तरी नको!

पण नको म्हणायचं कसं? गेले कित्येक दिवस त्यानं आईसमोर या घराची आरती ओवाळली होती. तो चोरपावलांनी वर जाऊन बघून आला. दानेश्वरी पाण्याच्या टाकीच्या सावलीत पदर तोंडावर घेऊन झोपली होती, ईरम्मा कठड्याला टेकून डुलकी घेत होती, आणि कुरडया कापसासारख्या पांढऱ्या होत्या. सकाळभर रस्ता ओला आणि गाड्या जागच्या जागी उभ्या. दुपारी रस्ता ओस. धूळ उडवायची कुणी? त्याचा उपाय शंभर टक्के यशस्वी झाला होता आणि त्याचाच आता त्याला फास लागला होता.

गुरुशांत खाली गेला. रस्त्याच्या कडेची कोरडी, बारीक, काळी धूळ त्यानं मूठभर उचलली. सकाळी जी धूळ दाबायला त्यानं टँकर आणला होता, तीच धूळ त्यानं प्रसादासारखी जपून वर नेली. धोतराजवळ उकिडवा बसून त्यानं मूठ सैल केली, एवढ्यात मागून ईरम्माची कानडी हाक आली.

"एनप्पा, काय करतोस रे?"

गुरुशांतनं मूठ मिटली. "काही नाही अव्वा. कुरडया बघत होतो. मला वाटतं, तू म्हणतेस ते खरं आहे. इथं धूळ फार आहे. हे घर आपल्याला नको."

"धूळ कुटं हाय? तुझ्या मुठीत हाय तेवढीच," ईरम्मा म्हणाली. "टाक की, टाक. लाजतोस कशाला? कुरडया काळ्या झाल्या तरी मला हेच घर पायजे."

गुरुशांतनं मूठ आणखी घट्ट केली.

"सकाळपासनं हितनं बघते मी. टँकर तुझा, हेबी बघितलं. तो अजिनाथ पळाला तेबी बघितलं. सिद्धलिंग मोटारीत घामानं भिजला, लई बरं वाटलं!" ती हसली आणि मग तिचा आवाज उतरला. "गुरू, तुझा बाप जाऊन अकरा वर्सं झाली. तू सकाळी जातोस, दानेश्वरी शाळेत जाते. बोळात माझ्यापुढं ती एक भिंत. दिवसभर भिंतीकडं बघून माझं डोकं फिरायची वेळ आली होती. कुनाला सांगू? तू तर नेमप्लेटीच्या मागं. आज किती वर्सांनी येवढी मानसं बघितली! त्या चंद्रव्वाशी हितनंच बोलले. तिचं माहेर मंद्रूपचं. माझ्या मावशीच्या गल्लीतलंच."

आई इतकी एकटी होती हे गुरुशांतला अकरा वर्षांत कळलं नव्हतं, आणि जेव्हा कळलं तेव्हा त्याच्या मुठीत धूळ होती. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. त्यानं हात कठड्याबाहेर नेऊन मूठ उघडली. वारा नेमका उलटा होता, त्यामुळे सगळी धूळ त्याच्याच तोंडावर आली.

खालून हाक आली. चंद्रव्वा रिकामी घागर घेऊन उभी होती.

"आज्जी, साहेबास्नी इचारा की, उद्या टँकर किती वाजता?"

"सातला," ईरम्मानं गुरुशांतकडे न बघताच सांगितलं. "पन रांग दोन्ही बाजूनं लावा गं. एकाच बाजूला लावली तर हितनं सगळी मानसं दिसत न्हाईत."