लाकूड कमी करणारे मुखरूभाऊ

आमचे शेजारी मुखरूभाऊ दिवसभर ओसरीवर बसून खिशातल्या चाकूनं लाकूड तासतात आणि त्यातून काहीही बनवत नाहीत. आमच्या चामोर्शीत नवीन आलेला माणूस हमखास विचारतो, "काय बनवून राह्यले, भाऊ?" उत्तर ठरलेलं. "काई नाई. लाकूड कमी करून राह्यलो."

आणि ते खरोखर कमी होतं. सकाळी मनगटाएवढा असलेला दांडा संध्याकाळपर्यंत दातकोरणं होतो. मग ते दातकोरणं कानावर खोचून भाऊ नवा दांडा घेतात. ढलप्या मात्र वाऱ्यानं सगळ्या माझ्या अंगणात. एकदा रागारागानं मी झाडूच नेऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाडूचा दांडा असा काही निरखून पाहिला की मी तो घाईघाईनं परत घेतला.

तान्ह्या पोळ्याला नातीसाठी लाकडाचा बैल करून द्या म्हणून मी त्यांच्या मागं लागले होते. त्यांनी मनावरही घेतलं. शिंगं झाली, पाठ झाली, मी सगळ्या आळीत सांगून बसले. सणाच्या दिवशी आणायला गेले, तर भाऊंच्या हातात बोटाएवढी काडी. "बैल होता, बाई," ते म्हणाले, "मंग कमी झाला." नातीनं बाजारातला बैल मिरवला.

नाव मुखरू आणि तोंडाला कुलूप. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली. "पुढं सरका, पुढं सरका" ओरडता ओरडता वाट्याचे शब्द संपले, असं त्यांचं म्हणणं. तेही त्यांनी नाही, त्यांच्या बायकोनं, पार्बताबाईंनी मला सांगितलं.

पार्बताबाईंची दृष्टी काचबिंदूनं गेली. त्या आतल्या खोलीत खाटेवर असतात आणि एकटं पडण्याची त्यांना भारी धास्ती. एकदा भाऊ न सांगता टपरीवर गेले. घर शांत वाटलं म्हणून ही बाई त्यांना शोधत रस्त्यावर आली आणि नालीत पडून हात मोडून बसली. हाक मारायची होती, म्हटलं, तर उलट मलाच म्हणाल्या, "हाका माराले माझी काई शेळी हरपली?"

भाऊंचे लाकडाच्या बाबतीत फार नखरे. मी एकदा शेवग्याची छान मऊ फांदी नेऊन दिली. त्यांनी एक ढलपी काढली, कान तिरपा केला आणि फांदी माझ्या हातात परत ठेवली. "मुकं हाय." म्हातारा कामातून गेला, असं मी घरी येऊन जाहीर केलं.

मग एका दुपारी पार्बताबाईंच्या खाटेशी बसले होते. बाहेर चाकूची खरखर चालू होती. मध्येच ती थांबली. बोलता बोलता पार्बताबाई गप्प झाल्या, हात भिंत चाचपू लागला. खरखर पुन्हा सुरू झाली, तशा त्या सुटलेल्या वाक्यावर परत आल्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. वाळलेला, खरखरणारा सागच काऊन लागते आणि शेवगा काऊन चालत नाई, ते भाऊंनी कधी सांगितलंच नसतं.

मागच्या महिन्यात भाऊ औषधाला गडचिरोलीला गेले आणि येताना चाकू एसटीतच विसरले. जन्मभर लोकांच्या छत्र्या सांभाळून परत करणारा माणूस. डेपोत विचारलं, मिळाला नाही. आठवडी बाजाराला अजून दिवस होते. मी घरातली सुरी दिली, पण ती भाजीची सुरी, सागावर पार बोथट झाली.

त्या संध्याकाळी ओसरी गप्प होती. भाऊ रिकामे हात मांडीवर ठेवून बसलेले. आतून खाट करकरली, मग भिंत चाचपल्याचा आवाज आला. आता ही बाई उठणार आणि पडणार, म्हणून मी अंगणातून धावणार, तेवढ्यात भाऊंनी घसा खाकरला.

"चला, आष्टी, आलापल्ली, ताडगाव, हेमलकसा, भामरागड. पुढं सरका."

एवढं मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. लाजेनं त्यांचे कान लाल झाले होते. आत शांत झालं. मग पार्बताबाईंचा ठसक्यातला आवाज आला.

"पेरमिली राह्यली नं. माझं माहेर खाल्लं तुमी."

"थांब," भाऊ म्हणाले, "गाडी मागं घेतो."

आणि गाडी मागं आली. पेरमिलीला पार्बताबाईंनी एकेकाला चढवायला सुरुवात केली. थोरला भाऊ चढला, काकी चढली, शेजारची कुणी गंगू टोपलीसकट चढली. भाऊ प्रत्येकाला तिकीट देत होते. यातलं आता कुणी उरलेलं नाही, हे मला ठाऊक होतं, त्या दोघांना तर होतंच.

भाऊंनी डबल बेल मारण्यासाठी ओसरीच्या खांबावर हात नेला.

"थांबा," आतून आवाज आला, "माय चढून राह्यली."

भाऊंनी हात खाली घेतला. "चढू दे," ते म्हणाले. "घाई नाई."